हलका हात

"हात वर ठेव," दाजी म्हणाले. "आधी तोंड झाकायचं. मारायचं नंतर."

मेव्हण्यानं हात वर केले. तो घरं रंगवायचा. कोपरावर कालच्या भिंतीचा पांढरा रंग अजून तसाच होता. बॉक्सिंगच्या या वर्गात त्याचा आज पहिलाच दिवस.

वर्ग मोठ्या माणसांचा, व्यायामापुरता. सुट्टीच्या सकाळी एका जुन्या गोदामात भरायचा. कुणी पोट कमी करायला यायचं, कुणी घरी करमत नाही म्हणून. नियम दोनच. चेहऱ्यावर मारायचं नाही आणि सरांची शिट्टी झाली की थांबायचं.

दाजी इथले लाडके. दातांचे डॉक्टर, वर्गातल्या निम्म्या दाढा त्यांच्या ओळखीच्या होत्या. निवृत्त शिक्षिकाबाई तर प्रत्येक नव्या माणसाला धरून सांगायच्या, "डॉक्टरांचा हात इतका हलका की दात गेला का राहिला, जिभेला विचारावं लागतं."

"आमचा हा लहानपणापासून असाच," रिंगच्या दोरापाशी उभी असलेली अक्का म्हणाली. अक्का दाजींची थोरली बहीण, भावाबरोबरच वर्गाला यायची. "वाटेत मुंगी दिसली तर पाय उचलून चालायचा."

मेव्हण्याची ताई, म्हणजे दाजींची बायको, चार-पाच दिवसांपासून त्याच्या खोलीवर येऊन राहिली होती. हात प्लास्टरमध्ये. न्हाणीघरात घसरली, असं दाजींनी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनंसुद्धा. "अशा देवमाणसाला नावं ठेवतेस? जीभ झडेल," म्हणून ती उलट ताईवरच डाफरली होती.

"दुपारी अक्का नि मी येतोय," दाजी हळू आवाजात, हसत म्हणाले. "तिला बॅग भरून ठेवायला सांग."

सरांनी सुरू करायला सांगितलं.

दाजींनी मेव्हण्याच्या ग्लोव्ह्जवर दोन ठोसे टेकवले, शिकवावं तसे. "शाब्बास. पाय हलव. घाबरू नकोस."

"डॉक्टर, भूल देऊन मारा हो!" बाहेरून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. दाजीही हसले.

मेव्हणा पुढे सरकला. इतका जवळ की कपाळाला कपाळ लागलं. मग फक्त दाजींना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई येणार नाही. आज नाही, कधीच नाही. आणि तुम्ही आलात तरी मी दार उघडणार नाही."

आणि त्यानं दोन्ही हात खाली सोडले.

पहिला ठोसा सरळ तोंडावर बसला. ओठ फाटला. दुसरा बरगडीवर, तिसरा पुन्हा त्याच बरगडीवर. शिट्टी वाजली. दाजी थांबला नाही. मेव्हणा गुडघ्यांवर आला, दोराला धरून उठला, आणि हात पुन्हा खाली सोडून उभा राहिला. कानशिलावर बसलेल्या फटक्यानं तो आडवा झाला. शिट्टी वाजतच होती. दाजी त्याच्या छातीवर बसला.

तो ओरडत नव्हता. दातांतल्या दातांत, एका सुरात बोलत होता. रोजचंच काहीतरी पुन्हा समजावून सांगावं तसं, आणि प्रत्येक वाक्याला एक ठोसा.

"घरातलं बाहेर सांगायचं नाही. कितीदा सांगितलं? वर तोंड करून बोलतेस? मला उलट बोलतेस? रडतेस आणखी?"

सर आणि दोघं-तिघं मिळून त्याला मागे ओढेपर्यंत तो मारत राहिला.

मग गोदामात फक्त मेव्हण्याचा श्वास ऐकू येत होता, नाकातल्या रक्तातून येणारा.

"बोलतेस, म्हणाले ते," शिक्षिकाबाई पुटपुटल्या. "बोलतेस."

दाजीनं खांद्यानं कपाळावरचा घाम टिपला. शर्ट नीट करायला गेला, ग्लोव्ह्जमुळे जमलं नाही. त्यानं हसायचा प्रयत्न केला. "त्यानंच डिवचलं मला. काय बोलला ते तुम्हाला माहीत नाही. अक्का, तू बघत होतीस ना?"

"बघितलं," अक्का म्हणाली.

ती दोराखालून वाकून आत आली. भावाच्या बाजूनं न जाता वळसा घालून मेव्हण्यापाशी जाऊन बसली. आपला टॉवेल तिनं त्याच्या तोंडावर दाबून धरला.

"एकदा तरी हात उचलायचास रे," ती म्हणाली. "एकदा तरी."

"उचलला असता," मेव्हणा टॉवेलातून म्हणाला, "तर तुम्ही म्हणाला असता, दोघांचं भांडण झालं."

अक्कानं मान खाली घातली.

सर गाडी बोलवायला बाहेर गेले. बाकीचे भिंतीशी जाऊन उभे राहिले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

दाजी रिंगच्या मधोमध उभा होता. ग्लोव्ह्जच्या नाड्या मनगटाशी घट्ट बांधलेल्या होत्या. त्या आपल्या आपल्याला सुटत नाहीत, दुसऱ्या कुणीतरी सोडाव्या लागतात. त्यानं दातानं एक गाठ ओढून पाहिली. ती आणखीच आवळली.

मग त्यानं दोन्ही हात पुढे केले. आधी भिंतीशी उभ्या असलेल्यांकडे. मग शिक्षिकाबाईंकडे. मग अक्काकडे.

तो तसाच उभा राहिला, हात पुढे करून.