मधला कापूस

कॉलेजच्या सरांनी पडद्यावर कारंजं दाखवलं तसा हॉलमध्ये 'वा' असा आवाज झाला. मग एसी होस्टेल, मग पोहण्याचा तलाव. जळगावच्या त्या हॉटेलात एका कॉलेजवाल्यांनी पालकांना बोलावलं होतं, चहा-समोशासकट. देशातल्या नामवंत विद्यापीठांत जे मिळतं ते सगळं आमच्याकडे, तेही घरापासून दोन तासांवर, असं सर सांगत होते.

नानांनी प्रमिलाबाईंकडे बघून मान डोलावली. त्यासाठीच तर हे थोरले दीर त्यांना आणि दिपमालाला धरणगावहून घेऊन आले होते. दिपमालाचा नंबर दिल्लीच्या विद्यापीठात लागला होता. आज पाचपर्यंत मोबाइलवर होकार कळवायचा, नाहीतर जागा गेली. पोरीची जात, एवढ्या लांब कशाला, असं नानांचं म्हणणं. आणि त्या घरात नानांच्या शब्दाबाहेर आजवर कोणी गेलेलं नव्हतं.

प्रमिलाबाई वीस वर्षं जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडत होत्या. गाडी रिकामी झाली की ढिगाच्या माथ्याकडे त्या बघतही नसत. कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, मूठभर ओढून काढायचा, मग बोलायचं. दिल्लीचंही त्यांनी तसंच पाहिलं होतं. तिथे शिकणाऱ्या भुसावळच्या संघमित्राला फोन लावला आणि आधी वाईट तेवढं सांग म्हणाल्या. पोरीनं काही हातचं राखलं नाही. होस्टेलच्या भिंतींना ओल, डाळ म्हणजे नुसतं पाणी, पहिले सहा महिने रडून काढले. मग म्हणाली, "काकू, इथले सर कापूस वेचणाऱ्या बायांबद्दल शिकवत होते. मी म्हटलं, आमच्याकडे असं नसतं. ते म्हणाले, मग पुढचा तास तू घे."

तो तास तेव्हापासून प्रमिलाबाईंच्या मनातून जात नव्हता.

कुणाला काही शंका, असं सरांनी विचारलं तशा त्या उठल्या. तुमच्याकडे शिकणाऱ्या एखाद्या पोरीचा नंबर द्या, आत्ताच बोलते, म्हणाल्या. सर हसले. नंबर असे देता येत नाहीत मावशी, माहितीपत्रकात सगळं आहे.

"वरना कापूस बठ्ठासनाच पांढरा ऱ्हास, साहेब. मधला दखाडा."

वरचा सगळ्यांचाच पांढरा, मधला दाखवा, हे ऐकून मागे कोणीतरी खुदकन हसलं, मग आणखी दोघं-तिघं. सरांचा चेहरा उतरला. नाना दातओठ खात पुटपुटले, लोक बघताहेत, खाली बस.

प्रमिलाबाई बसल्या नाहीत. त्यांनी मोबाइल दिपमालाच्या हातात दिला आणि होकार कळव म्हणाल्या. पोरगी भीतभीत काकांकडे बघू लागली. प्रमिलाबाईंनी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"मनाकडे देख, दिपू."

दिपमालानं बटण दाबलं. नानांनी पुन्हा दटावलं, बस म्हटलं ना.

प्रमिलाबाई हॉलमधल्या सगळ्यांकडे हात करून, पहिल्यांदाच नानांच्या डोळ्यांत बघून बोलल्या. "तिले खाली बसाडाले आठे बठ्ठा शेतस, नाना. तठे दिल्लीले कोनी तिले बस म्हननार नही."