कागदाची बाहुली

काल रिहामचा फोन कालव्यात पडला, तरी ती निर्धास्त होती. वारलेल्या बाबांचे व्हॉइस मेसेज ऑनलाइन होते, ते उघडायची किल्ली पासवर्ड मॅनेजरमध्ये होती, आणि मॅनेजर उघडायचा कोड तिने एकाच कागदावर लिहून बाबांच्या फोटोमागे खोचला होता. नवा फोन घेऊन ती नाचतच घरात शिरली, तर घरभर लोबानाचा धूर. फोटोमागे हात घातला, कागद नव्हता. “आत्या, इथला कागद कुठंय?” “त्याची बाहुली कापली. तुझ्या फोनला नजर लागली होती. शेजारच्या उम्म वाएलपासून तुझ्या मामीपर्यंत एकेकीचं नाव घेऊन सुईने टोचली नि जाळली.” “अगं, त्यावर लिहिलेलं होतं.” “आकडेच तर होते. म्हटलं, तुझं जुनं गणित असेल.” आत्याने राखेचं बोट रिहामच्या कपाळावर टेकवलं. “आता कुणाची दृष्ट लागायची नाही. चल, माझ्या भावाचा आवाज ऐकव.”