सहा महिन्यांचं सामान

दुलया निघाल्या तेव्हा झुंबरबाईच्या काळजात चर्र झालं.

वैशाखाचं ऊन अंगणात मावत नव्हतं, आणि तिचा लेक कल्याण कपाटावरच्या चार दुलया काढून सुतळीनं आवळत होता. सहा महिने रात्रपाळी आहे, रोज वाटूरहून जालन्याला गाडीवर जमत नाही, दिवसपाळी भेटली की दिवाळीच्या आत वापस, असं त्यानंच सांगितलेलं. सळईच्या कारखान्यातलं काम, रात्रीचा रस्ता, ट्रकांची वर्दळ. म्हातारीला पटलंही होतं. पण दिवाळीच्या आत परतणाऱ्या माणसाला दुलया कशाला लागतात?

तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं. हे जाणं रात्रपाळीपुरतं, की कायमचं? विचारायची मात्र छाती होत नव्हती. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, लेक एकुलता एक. विचारलं आणि खरं कळलं, तर मग रिकाम्या घरात कोणाच्या तोंडाकडं बघायचं?

सकाळपासून तिचं बूड जमिनीला टेकलं नव्हतं. ओसरीतून आत, आतून परसात, म्हशीला पाणी दाखवायचं निमित्त करून पुन्हा आत. तिसऱ्या बादलीला म्हशीनं तोंड फिरवलं, तरी हिच्या फेऱ्या काही थांबेनात.

हे सगळं कोणाच्या डोक्यातून निघालंय, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. सून. तृप्ती. लग्नाला दहा वर्षं झाली, बायकोनं सांगितल्याबिगर कल्याण इकडची काडी तिकडं करत नाही, असा झुंबरबाईचा पक्का ग्रह होता. ग्रह एकदा पक्का झाला की माणसाला पुरावेही त्याच्याच बाजूचे सापडतात.

"दुलया राहू द्या की," तृप्ती म्हणाली. "थंडीत हितंच लागतील."

नाटकं, झुंबरबाई मनात म्हणाली. नवऱ्याला आतून पढवायचं आणि सासूपुढं साळसूद व्हायचं.

लेकी बोले सुने लागे म्हणतात. झुंबरबाईला लेक नव्हती, म्हणून ती मांजराशी बोलली. "बघ गं मने, काही लोकांला वेगळ्या चुलीची लई हौस. घरात म्हातारं माणूस नकोच बिलकुल." तृप्ती डबे पुसत होती, तशीच पुसत राहिली. थेट सुनेशी म्हणून झुंबरबाईनं सकाळपासून एक शब्द टाकला नव्हता.

मग कल्याणनं पलंग खोलला. लग्नातला, सागवानी. त्याच्या पिशवीत राजनंदिनीचा शाळेचा दाखलाही दिसला. नात तिसरीत जाणार, शाळा बदलावी लागणारच, असं झुंबरबाईनं स्वतःला समजावलं. ते समजावणं परसापर्यंतही टिकलं नाही. परत आली तर कल्याण आरशाचा खिळा उपटत होता.

"आरसा कशाला?" तृप्तीनं विचारलं.

"असू दे ना सोबत," तो तुटकपणे म्हणाला, आणि खिळाही खिशात टाकला.

सर्वांत जास्त झोंबल्या त्या कुरडया. महिन्याभरापूर्वी तृप्तीनं पायलीभर गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या. गहू भिजवायचे, चीक काढायचा, तो घोटायचा, सगळं एकटीनं. आता कुरडयांनी भरलेला पत्र्याचा डबा तिनं वरच्या फळीवर ठेवला, झाकण दाबून बसवलं. त्यातली एकही सोबत घेतली नाही. एवढ्या कुरडया एकल्या म्हातारीला कशाला? म्हणजे वर्षभर इकडं फिरकायचं नाही आणि मागं कोणी नाव ठेवू नये, त्याची ही सोय. झुंबरबाईचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले आणि धूर नसताना धुरावर ढकलले.

दुपार कलली तसा गावातल्या मिथुननं भाड्याचा टेम्पो दारात लावला. सामान चढलं. पलंगाच्या फळ्या, दुलयांचं गाठोडं, वर उलटी शेगडी. भिंतीवर आरशाच्या जागी पांढरा चौकोन राहिला. राजनंदिनी पुढच्या सीटवर जाऊन बसली, तृप्ती तिच्या शेजारी. कल्याणची मोटारसायकल टेम्पोच्या पुढं उभी होती.

झुंबरबाईनं लेकाच्या हातावर दही घातलं. दही खाऊन निघालेलं माणूस सुखरूप माघारी येतं. त्यानं ते चाटलं, हात पँटला पुसला आणि किक मारली.

"चल आई," तो म्हणाला. "जातो."

झुंबरबाईला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना 'जातो' म्हणत नसतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शेजारी काडीपेटी मागायला निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणून निघतो. तिरडीवरचा तेवढा जातो, आणि तोही बोलून दाखवत नाही.

टेम्पोच्या खिडकीतून तृप्ती म्हणाली, "येतो म्हणा."

"एकच ते."

"एक न्हाई. येतो म्हणा आत्यांला."

कल्याणनं आईकडं बघितलं नाही. दोन्ही हात हँडलवर होते, नजर रस्त्यावर. त्याला ते म्हणता येईना. तोंड उघडून खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं असावं.

"उशीर होऊन राह्यलाय," तो म्हणाला, आणि गाडी पुढं काढली.

आपलंच नाणं खोटं निघालं. झुंबरबाईनं दाराची चौकट धरली. दिवसभर ज्या तोंडाला शिव्या घातल्या, ते तोंड आता टेम्पोतून उतरून तिच्याकडंच येत होतं. त्याच्याकडं बघायचीही तिला लाज वाटली.

तृप्तीनं वाकून सासूच्या पायांना हात लावला.

"त्यांचं मला सांगता येत न्हाई, आत्या," ती म्हणाली. "मी येते."