खोटी लहर

लहर सापडल्यापासून प्रयोगशाळेत कोणाचे पाय जमिनीवर नव्हते. कुठल्या कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरगरत एक झाली होती आणि त्या धडकेने अवकाशाला बसलेला हिसका लहर होऊन इथल्या यंत्राच्या आरशांपर्यंत पोचला होता. एरवी हसायला महाग असलेली माणसं कॉफीच्या मशीनपाशी एकमेकांना मिठ्या मारत होती.

एकटी मावशी तेवढी गप्प होती. ती तशी कोणाचीच मावशी नव्हती. खोटं बोलायचं म्हटलं की तिच्या अंगावर काटा येई, म्हणून पोरांनी तिला 'हरिश्चंद्राची मावशी' म्हणायला सुरुवात केली आणि पुढचा हरिश्चंद्र यथावकाश गळून पडला.

आणि नेमकं तिच्याच गळ्यात हे खोटं येऊन पडलं होतं. मधूनमधून यंत्रात गुपचूप बनावट लहर सोडायची आणि सगळे डोळे उघडे ठेवून काम करताहेत का ते बघायचं, ही तिथली जुनी रीत. रीत सगळ्यांना ठाऊक होती, पण आनंदाच्या भरात ती आठवायची कोणाचीच इच्छा नव्हती. या खेपेस आरशांची देखभाल करणाऱ्या आरसेबुवांनी लहर बनवली होती आणि मावशीने ती यंत्रात भरली होती. आठवड्यात कधी सुटायची ते यंत्रच ठरवणार. पुढे सभेत उलगडा होईपर्यंत दोघांनी चकार शब्द काढायचा नाही, एकमेकांपाशीसुद्धा.

त्याच आठवड्यात लहर आली. मावशी काय समजायचं ते समजली.

दुपारी सरांच्या पत्नीचा, काकूंचा फोन आला. "सर तुझी वाट बघताहेत. लगेच ये."

पहिलं यंत्र सरांनी उभारलं होतं. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, तरी उभा जन्म त्यांनी या एका लहरीची वाट बघितली. आता ते इस्पितळात होते. पोरांनी लहर आवाजात बदलून त्यांना ऐकवली होती.

काकूंनी तिला दाराबाहेरच गाठलं. "काल किती दिवसांनी पोटभर जेवले गं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर घरी नेता येईल. ते तुला विचारतील. तू नुसतं हो म्हण."

सर उशीला टेकून बसले होते. डोळे लकाकत होते.

"पोरं म्हणतात, खरी आहे. पोरं काय, माझी समजूत घालतील. तू नाही घालणार. खरी आहे ना गं?"

'हो' एवढं एकच अक्षर. तेवढंही तिच्याने म्हणवेना. तिला वाईट वाटत होतं, पण थोडा अभिमानही वाटला. सगळे या माणसाला लहान मुलासारखं गोंजारताहेत, आपण एकट्याच त्यांचा मान राखतोय, असं तिला वाटलं.

"नाही, सर. ती आम्हीच सोडलीय."



"बरं केलंस सांगितलंस," सर म्हणाले. "म्हणजे आपल्याला काहीच ऐकू आलं नाही."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. काकूंनी आणलेलं सूप तसंच गार झालं. त्यानंतर ते जेवले नाहीत आणि आठवडा संपायच्या आत गेले.

"तुझा खरेपणा तुला लखलाभ," काकू तिला चारचौघांत म्हणाल्या. मावशीने ते ऐकून घेतलं. निदान आपण सरांना फसवलं नाही, एवढ्यावर ती तग धरून होती.

सभेच्या दिवशी दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई उभ्या राहिल्या.

"रीतीप्रमाणे विचारते. लहर कोणी सोडली असेल, तर उठून सांगावं. कोणीच उठलं नाही, तर ती खरी."

मावशी उठली. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

शेजारी बसलेल्या आरसेबुवांनी तिची बाही ओढली.

"अगं, खाली बस," ते डोळे पुसत हळूच म्हणाले. "सर अंथरुणावर असताना त्यांची असली थट्टा कुठे करायची, म्हणून तू भरलीस त्याच संध्याकाळी मी ती काढून टाकली होती."