नियम अकरा

"पसरलाय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर पेनाचं टोक टेकवलं. "तीन वर्षांपूर्वी आतड्याचा कॅन्सर काढला ना, तोच आता फुप्फुसात आलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही. औषधं देऊ, त्रास कमी होईल."

"तोच आहे हे कशावरून?" मुलीनं विचारलं.

"आधी एक कॅन्सर असला की नंतरची गाठ त्याचीच धरतात."

"धरतात म्हणजे? तपासलं नाही?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बाबा मांडीवर हात ठेवून बसले होते, जणू बोलणं दुसऱ्याच कुणाविषयी चाललं होतं.

मुलगी बसच्या आगारात फोरमन होती. वीस वर्षं इंजिनांच्या पोटात हात घातलेली बाई. ती म्हणाली, "ब्रेक दुरुस्त केलेली गाडी धूर ओकत परत आली, तर ब्रेकनंच धूर सोडला असं लिहून आम्ही मोकळे होत नाही. बॉनेट उघडतो. एका गाडीत दोन बिघाड असतात, मग एका माणसात दोन कॅन्सर नसतात?"

"असतात," डॉक्टर हळूच म्हणाले. "पण सरकारी आरोग्य योजनेचा नियम अकरा आडवा येतो. पहिल्या कॅन्सरची नोंद असेल तर नव्या गाठीचा तुकडा काढून तपासायचा नाही. बाहेरून तपासून आणलंत तरी ऑपरेशन याच नियमावर अडेल. माझे हात बांधलेले आहेत."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पाच वर्षांपूर्वी आईच्या वेळी हाच शब्द ऐकला होता, 'पसरलाय'. स्तनाचा कॅन्सर बरा झाला होता, मग फुप्फुसात गाठ निघाली. आईला सात महिने स्तनाच्या कॅन्सरचीच औषधं दिली. गाठ वाढतच गेली आणि आई गेली. त्या गाठीला कुणी सुईसुद्धा लावली नव्हती. तेव्हा मुलगी गप्प बसली होती. डॉक्टरांना कळतं, असं तिला वाटलं होतं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही एक शब्द काढला नाहीत."

"नियमात बसत नाही तर सोड ना."

"नियम काय आभाळातून पडला? कुणीतरी खुर्चीत बसून लिहिलाच असेल ना?"

"लिहिला असेल. माणसं हजारो, यंत्रं चार. कुठंतरी रेघ ओढावीच लागते, पोरी."

"कुणाच्या छातीवरून?"

बाबांनी कठडा धरला आणि पुढची पायरी उतरले. पस्तीस वर्षं ते सरकारी कचेरीत मसुदे लिहीत होते. पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य, जिथं बदली होईल तिथं. अशा माणसाला नियम म्हणजे देवाचा शब्द, असं मनात म्हणून तिनं राग गिळला.

रात्रपाळी मागून घेऊन ती सकाळी दवाखान्याच्या अधीक्षकांच्या दाराशी उभी राहू लागली. गाठ तपासून मिळावी म्हणून केलेल्या अर्जावर सही करायला बाबांनी नकार दिला. "माझ्यासाठी नको," एवढंच म्हणाले. तिनं स्वतःची सही ठोकली. शिपाई म्हणायचा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. ती म्हणायची, "असू देत. मला बसायला स्टूल दे." पहिल्या आठवड्यात अर्ज हरवला. तिनं दुसरा दिला. दुसऱ्या आठवड्यात नियमाची छापील प्रत हातात ठेवण्यात आली. तिनं ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "यातलं कोणतं वाक्य तुम्ही तुमच्या बापाला वाचून दाखवाल?"

तिसऱ्या आठवड्यात अधीक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर परवानगी दिली. बाबांच्या छातीत सुई घालून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला.

तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली आतड्याच्या गाठीची जुनी काचपट्टी आणि फुप्फुसातल्या गाठीची नवी काचपट्टी होती. "एकच रंग दोन्हींना लावला. जुन्या पेशींनी घेतला, नव्यांनी घेतला नाही. दुसरा रंग लावला, तर उलटं झालं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. हा फुप्फुसातच जन्मलेला वेगळा कॅन्सर आहे. लहान आहे, काढता येईल."

मुलीला एकदम रडू फुटलं. बाबांनी चष्मा काढला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी आपणहून प्रश्न विचारला.

"असे पेशंट आधी किती असतील?"

"तपासलेच नाहीत, तर कसं सांगू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

फुप्फुसाचा वरचा भाग काढला. कापलेल्या कडा स्वच्छ निघाल्या, शेजारच्या लसिकाग्रंथींत कॅन्सर सापडला नाही. दहाव्या दिवशी बाबा घरी आले. खोकताना छातीशी उशी दाबून धरायचे.

संध्याकाळी तिनं त्यांना औषध दिलं आणि पलंगाच्या कडेला बसली. राग अजून उतरला नव्हता. खरं तर आता तो नीट पेटला होता.

"उद्या सुट्टी टाकलीय. आरोग्य खात्याच्या कचेरीत जाऊन त्या नियमाची फाइल काढायला लावणार. तुमचा रिपोर्ट बघून नियम रद्द करतोय म्हणतात, पण मला तेवढ्यावर भागवायचं नाही. मला त्या माणसाचं नाव हवंय. त्याच्या दारात उभी राहीन आणि विचारीन, माझ्या आईला तपासायला तुझं काय जात होतं?"

बाबा कोपरावर रेलून उठून बसले.

"सुट्टी रद्द कर," ते म्हणाले. "तुझ्या आईनंही शेवटच्या महिन्यात मला हेच विचारलं होतं. तो नियम मी लिहिलाय."