ब्याण्णव टक्के

हिरामण कॉम्प्युटरच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिला आला. बरं, नाही आला असं समजा. त्याच्या बायकोनं, रंजनानं, तसंच ठरवलंय.

सफाई कामगारांसाठीचा मोफत वर्ग होता तो. पास होणाऱ्याला लगेच ऑफिसात खुर्ची, गटारात उतरणं बंद. सहा महिने हिरामण कीबोर्डवर एकेक अक्षर असं चाचपडत शोधायचा, जणू तेही कुणी गाळात टाकलंय. निकालाचा मेसेज मंगळवारी सव्वादहाला आला. फोन वर होता, काढून ठेवलेल्या शर्टाच्या खिशात. हिरामण दहालाच खाली गटारात उतरला होता. अकराला चौघांनी त्याला वर काढलं, तोवर सगळं संपलं होतं.

तेराव्याला वर्गाचे सर प्रमाणपत्र घेऊन आले. "अभिनंदन वहिनी," म्हणाले, आणि जीभ चावली.

"सर, त्यांना नापास करा ना."

"अहो, ब्याण्णव टक्के आहेत!"

"मग साठ कमी करा. नापास माणसाला उतरावंच लागलं असतं, मी समजून घेईन. पण पास झालेला माणूस उतरला कशाला, हे पोरीला काय सांगू?"

सरांनी प्रमाणपत्र उलटंपालटं करून पाहिलं. "लेखी अर्ज द्यावा लागेल," ते म्हणाले.

रंजनानं पोरीच्या वहीचं पान फाडलं. मजकूर सरांनीच सांगितला.

"महोदय, मूळ प्रमाणपत्र सोबत परत करीत आहे. माझे मयत पती हिरामण यांना पूर्वलक्षी प्रभावाने नापास करण्यात यावे, ही नम्र विनंती."