एक माणूस, एक लॉगिन

काकांनी पुतणीला दहादा बजावलं होतं, "आपली तीन ऑफिसं आहेत. एका नावाने एका वेळी एकाच ऑफिसातून लॉगिन व्हायला हवं. दुसरीकडून कोणी शिरलं, की पहिल्याला बाहेर काढ. मग तो कोणी का असेना!" पुतणीने ट्रक-बुकिंगच्या वेबसाइटला निमूटपणे तसा नियम लावून दिला.

सोमवारी काका मुख्य ऑफिसात ऐटीत बसले, पासवर्ड टाकला, चहाचा पहिला घोट घेतला, तोच स्क्रीनवर पाटी झळकली: 'आपण गोदामाच्या ऑफिसात काम करत आहात. इथून बाहेर काढण्यात आलं आहे.'

"अगं, मी इथे धडधडीत खुर्चीत बसलोय!" काका फोनवर कडाडले. "माझ्या नावाने चोर शिरलाय. हाकल त्याला!"

पुतणीने पाहिलं. गोदामात काकू बसायची. "जरा माझंही बघत जा," म्हणून काकांनीच कधीतरी तिला पासवर्ड दिला होता.

"हाकलते, काका. पण चोराने सकाळपासून सगळ्या गाड्या मार्गी लावल्यात, ड्रायव्हरांच्या रजा मंजूर केल्यात, तुंबलेल्या तक्रारींना उत्तरं दिलीत. पुढचं आता तुम्ही बघाल ना?"

गोदामात कोण बसतं, ते आता कुठे काकांच्या ध्यानात आलं.

"हे बघ," काका खाकरले, "काकूला काही बोलू नकोस. तिचं चालू दे. मला आपलं नुसतं बघण्यापुरतं एक वेगळं लॉगिन करून दे."

"ते तयार आहे, काका. काकूने शुक्रवारीच करून घेतलंय."